तुटक रेघ

ती खुर्चीमागे येऊन उभी राहायची आणि काही न बोलता माझ्या स्क्रीनवर हात ठेवायची. सबंध तळवा, चित्रातल्या माणसाच्या तोंडावर. मग विचारायची, "आता सांग, ही कोण?"

तोंड झाकलं की माझ्या चित्रात काही उरायचं नाही. फ्रॉक असायचा, लांब केस असायचे, मागे फुलं असायची. पण ती मुलगी हट्टी आहे की भित्री, घाईत आहे की निवांत, ते सांगता यायचं नाही. मी गप्प बसायचे. तेवढं मला चांगलं जमतं. ती हात काढून घ्यायची आणि म्हणायची, "त्वांड झाकल्यावर जे ऱ्हातं, ते माणूस. त्वांड काय, सगळ्यांनाच असतं."

आमचा स्टुडिओ बारामतीत, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही लहान मुलांसाठी गाण्यांचे व्हिडिओ करतो. भाज्या बोलतात, प्राणी दप्तर घेऊन शाळेत जातात. तुमच्या घरात लहान मूल असेल, तर त्याला जेवू घालताना आमचं एखादं वांगं किंवा भेंडी तुम्ही मोबाइलवर नक्की पाहिली असेल. माझ्या खुर्चीमागे येणारी ती इथली सगळ्यात जुनी चित्रकार होती. सगळे तिला ताई म्हणत. स्टुडिओचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, तेही वयाने मोठे असून ताईच म्हणत.

मी भवानीनगरची. वडील साखर कारखान्यात, घर स्टाफ कॉलनीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. चित्रं मी इंटरनेटवर बघून बघून शिकले. त्यामुळे माझ्या मुलींचे डोळे बशीएवढे, नाक म्हणजे एक ठिपका आणि हात कायम पाठीमागे. हात काढणं अवघड असतं म्हणून ते लपवायचे. चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला ही पळवाट माहीत असते. माझं पहिलं चित्र पाहून तिने विचारलं होतं, "हिचं हात कुणी चोरलं?"

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर एक सांगायला हवं. बारामती आणि इंदापूर म्हटलं की लोकांना ऊस आठवतो. पण हा पट्टा सगळाच हिरवा नाही. कालव्याच्या बाजूला ऊस, आणि मोरगावकडे गेलं की माळ, ज्वारी-बाजरी, शेळ्या आणि आभाळाकडे बघत बसणं. ती त्या जिरायती बाजूची, मी या बागायती बाजूची. पहिल्या आठवड्यातच तिने माझं नाव ठेवलं, बागायतदारीण.

"आली बागायतदारीण. किती पाणी पाजलंस गं त्या चित्राला? मुळ्या सडत्याल की."

पाणी म्हणजे केसांवरची चमक, डोळ्यांतल्या चांदण्या, गालांवरची लाली, मागची फुलं, फुलांच्या मागची फुलं. ती म्हणायची, पाणी कमी कर. मी एकेक काढून टाकत जायचे. शेवटी स्क्रीनवर एक ओकीबोकी मुलगी उरायची आणि मला रडू यायचं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "ऱ्हाऊ दे अशीच दोन दिस. बघू काय उगवतंय," असं म्हणून ती आपल्या जागेवर जायची.

तिची स्वतःची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती अपुरी वाटली होती. रेघ सलग नाही. खांद्यापासून निघाली की मधेच सुटायची, थोड्या अंतराने पुन्हा सुरू व्हायची. एखाद्या म्हातारीचा सगळा पाठीचा बाक अशा पाच-सहा तुकड्यांत. पण लांबून पाहिलं की ती म्हातारी उभी असायची, आणि तिचे पाय दुखत आहेत हेही कळायचं.

बरेच महिने मी तिला कामाखेरीज एकही प्रश्न विचारला नव्हता. शेवटी विचारलं, ही रेघ अशी कशी आली. ती हसली. कॉलेजला असताना ती मोरगावहून बारामतीला एसटीने यायची. कागद, रंग असलं काही नव्हतं. भावाचा जुना मोबाइल होता. खिडकीशी बसून ती बोटाने त्यावर चित्रं काढायची, बसमधल्या माणसांची. रस्ता तेव्हा असा होता की खड्ड्यात बस आदळली की बोट भलतीकडेच जायचं. म्हणून खड्डा यायच्या आधी ती बोट उचलायची, खड्डा गेला की पुन्हा टेकवायची. अख्खा रस्ता तिला पाठ झाला होता. पुढे रस्ता चांगला झाला, टॅबलेट आला, पेन आलं, पण बोट उचलायची सवय राहिली.

"लोकं इचारत्यात, स्टाईल कुठं शिकला. काय सांगू? बांधकाम खात्याकडं शिकले."

स्टुडिओत मात्र या रेघेला काम नव्हतं. तिथे गोल गाल, मोठे डोळे. सर म्हणायचे, ताई, क्यूट पाहिजे. ती क्यूट काढून द्यायची, न कुरकुरता, वर्षानुवर्षं. तरी तिच्या हातून काहीतरी निसटायचंच. एकदा तिने एक वांगं काढलं. गुबगुबीत, हसरं, सरांना हवं तसं. तो व्हिडिओ खालच्या कापड दुकानाच्या मालकांच्या नातवाने पाहिला आणि स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, आबा. घरातले सगळे हसले. मालक तावातावाने जिना चढून वर आले. आम्ही तो व्हिडिओ लावून पाहिला आणि खरंच, ते वांगं एका पायावर भार देऊन, मागे हात बांधून, पोट किंचित पुढे काढून उभं होतं. गल्ल्यापाशी मालक रोज तसेच उभे असतात.

ती शांतपणे म्हणाली, "आबा, तुमी वांग्यासारखं दिसत न्हाय. वांगं तुमच्यासारखं उभं ऱ्हातंय."

त्यांनी थोडा विचार केला. मग ते खाली गेले आणि आमच्यासाठी चहा पाठवला.

याच सुमाराला तिला पुस्तक मिळालं. पुण्याच्या एका प्रकाशनाने तिची चित्रं इंटरनेटवर पाहिली होती. त्यांनी विचारलं, लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करणार का, गोष्टही तुमची, चित्रंही तुमची. गोष्ट तिच्याकडे तयारच होती. मोरगावची एक म्हातारी आपली शेळी घेऊन लेकीकडे निघते, एसटीत बसते, आणि कंडक्टर शेळीचं तिकीट मागतो. एवढीच. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चित्रावर तिचं नाव येणार होतं आणि कोणी क्यूट पाहिजे म्हणणार नव्हतं. ती जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने चित्रं काढायची. पान पूर्ण झालं की मला बोलवायची. स्वतःच म्हातारीच्या तोंडावर तळवा ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "भांडायच्या तयारीत आहे." ती मान हलवायची. ती म्हातारी म्हणजे तिची आई, हे तिने कधी कबूल केलं नाही.

निम्मं पुस्तक झालं होतं तेव्हाची गोष्ट. ती माझ्या खुर्चीमागे आली, स्क्रीनवर हात ठेवला, आणि तिच्या बोटांच्या कडेने येणारा उजेड हलताना मला दिसला. बारीक, पाण्यावर ऊन हलतं तसा. तिने नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता हात काढून घेतला.

कमी बोलणाऱ्या माणसाला दिसतं जास्त. नंतर मी पाहिलं की ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. स्क्रीनवर हात ठेवणं तिने बंद केलं. लांबूनच म्हणायची, पाणी कमी कर. मी पाहिलंय हे तिलाही कळलं होतं. बारामतीच्या डॉक्टरांनी तिला पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नसांचं दुखणं आहे, हळूहळू वाढत जाईल, असं सांगितलं. हे तिने मला सांगितलं ते एखाद्या व्हिडिओची तारीख पुढे गेल्यासारखं.

सरांनी मनापासून मदत करायचा प्रयत्न केला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ गुळगुळीत करून देणारी एक सोय असते. हात कितीही हलला तरी रेघ पेनाच्या मागून सावकाश येते आणि सुबक होऊन येते. सरांनी ती पूर्ण वाढवून दिली. तिने एक शेळी काढली. निर्दोष आली. तिने ती मोठी करून पाहिली.

"काकवी वतल्यासारखी झालीय," ती म्हणाली. "ही आमच्या घरची शेळी न्हाय."

आणि ती सोय तिने शून्यावर आणून ठेवली.

मला तेव्हा काहीतरी बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, ताई, तुमची रेघ तर खड्ड्यांतूनच तयार झालीय, मग आताही... तिने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "बसमधी खड्डा कुठं येतोय ते पाठ व्हतं. आता खड्डा माझ्यातच हाय. आन् त्यो सांगून येत न्हाय."

मग एका शनिवारी तिने मला विचारलं, उद्या मोरगावला येशील का. मी का म्हणून विचारलं नाही, तरी तिने सांगितलं, "तुला माझी रेघ येती."

खरं होतं. मला कोणाचीही रेघ येते. शाळेत मी मैत्रिणींची अक्षरं काढून दाखवायचे, स्टुडिओत कोणी रजेवर असलं की त्याचं काम मला द्यायचे, आणि कोणाला फरक कळायचा नाही. माझ्याकडे एवढीच गोष्ट अशी होती, जिचं लोक कौतुक करायचे. तिने ती मागितली याचा मला आनंद झाला.

मोरगावला बस रिकामी झाली. सगळे गणपतीच्या देवळाकडे वळले, मी उलट्या दिशेने चालत निघाले. तिचं घर गावाबाहेर, पत्र्याचं, पुढे बाभळ आणि बाभळीखाली शेळ्या. तिच्या आई दारातच होत्या. मी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. पाठीला पुस्तकातल्या म्हातारीचा तोच बाक, उभं राहण्यात तीच भांडायची तयारी. त्यांनी विचारलं, "कारखान्याकडची का तू? मंग च्यात साखर जास्त लागत आसंल." आणि खरंच जास्त घातली.

आम्ही आत बसलो. तिने थरथरत्या हाताने कच्चं चित्र काढून दिलं. म्हातारी आणि कंडक्टर समोरासमोर, मधे शेळी. त्यावर मी रेघ ओढायला घेतली. खांद्यापासून निघायचं, सोडायचं, पुन्हा टेकवायचं. माझा हात कधी इतका चांगला चालला नव्हता. दुपारपर्यंत पान झालं. तिने आईंना हाक मारली आणि विचारलं, हे कुणी काढलं. आई पदराला हात पुसत आल्या, वाकून बघितलं.

"तूच की. दुसरं कोण काढनार?"

मला वाटलं, सुटलो. पुस्तक होणार. मी तिच्याकडे पाहिलं. ती चित्राकडे बघत होती. मग बऱ्याच दिवसांनी तिने स्क्रीनवर हात ठेवला, म्हातारीच्या तोंडावर. हात हलत होता, त्यामुळे म्हातारीचा चेहरा झाकला जायचा, दिसायचा, झाकला जायचा.

"हुबेहूब हाय," ती म्हणाली. मग हात काढून म्हणाली, "मी इतकी वर्सं दुसऱ्याच्या गोल गालात काढली. माझं म्हणायला ह्ये एक पुस्तक. त्ये बी तुझ्या हातनं आलं तर माझं काय त्यात? आन् तू माझ्या रेघंत बसलीस तर तुला उठता यायचं न्हाय. मी बसलेली हाय अशी, मला म्हाईत हाय."

ती पान पुसायला लागली. सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे थर असतात, एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखे; माझ्या रेघांचा थर वेगळा होता, तो काढून टाकायचं बटण बारीक असतं. पेनाचं टोक त्यावर बसेना. एकदा बाजूला, एकदा वर, एकदा भलताच थर निवडला गेला. मी मदत केली असती तर क्षणात झालं असतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. शेवटी तिचं टोक बसलं आणि खालचं कच्चं, थरथरतं चित्र तेवढं उरलं.

आई म्हणाल्या, "चांगलं व्हतं की गं. का पुसलंस?"

"चांगलंच व्हतं, आई," ती म्हणाली.

त्यानंतरही मी रविवारी मोरगावला जात राहिले. माझं काम वेगळं झालं. टॅबलेट धरायचा, तिला हवा तसा फिरवायचा, फाइल जपून ठेवायची. सकाळची गोळी घेतल्यावर थोडा वेळ हात जरा निवळायचा. ती पेन टेकवून थांबायची. कितीतरी वेळ थांबायची. मग म्हणायची, "आता," आणि एक रेघ ओढायची. कधी ती लागायची, कधी पार शेळीच्या पोटातून जायची. सुरुवातीला ती चुकलेली प्रत्येक रेघ पुसायची. नंतर काही ठेवायला लागली. कोणती ठेवते आणि कोणती पुसते ते मला बरेच रविवार कळलं नाही. सुबक होती ती जायची आणि वाकडी राहायची, असंही नव्हतं. एवढं दिसायचं की ठेवलेल्या रेघेकडे ती दुसऱ्यांदा बघायची नाही.

या पानांवरची म्हातारी वेगळी झाली. आधीच्या पानांवर तुटक, मोकळी रेघ होती. इथे कड दाट, कापरी, पुन्हा पुन्हा गिरवलेली. शेळीच्या अंगावर काटा आल्यासारखं दिसायचं.

पानं पाठवली आणि पुण्याहून संपादक बाईंचा फोन आला. मी तिथेच होते. तिने फोन स्पीकरवर ठेवला, कारण कानाशी धरवत नव्हता. बाई फार सौम्य होत्या. त्यांनी चित्रांचं कौतुक केलं. मग म्हणाल्या की शेवटच्या पानांवरची आजी वेगळीच कोणीतरी वाटते. मुलांच्या पुस्तकात माणूस पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखा दिसायला हवा, नाहीतर त्यांना ओळखू येत नाही. हे चुकीचं नव्हतं. आम्ही स्टुडिओत रोज हेच पाळतो. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्यासोबत एक मुलगी आहे म्हणाला होतात, ती एवढी पानं करू शकेल का. दोघींची नावं टाकू.

पुस्तकावर माझं नाव. मी कधी इतक्या लांबचा विचारही केला नव्हता. ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना हो, ना नाही.

"तू सांग. जमंल?"

बाहेर आई शेळ्यांना हाकलत होत्या. फोनमधून बाईंचा श्वास ऐकू येत होता. मी नाही म्हटलं आणि त्यांनी पुस्तकच थांबवलं, तर ते माझ्यामुळे थांबणार होतं. मी फोनकडे वाकले.

"जमेल," मी म्हटलं. "पण मी काढणार नाही. ही आजी त्यांचीच आहे."

बाई विचार करून कळवते म्हणाल्या. फोन बंद झाला. तिने फोन बाजूला ठेवला. आईंना हाक मारून म्हणाली, "बागायतदारणीला च्या ठेव. साखर नेहमीसारखी."

उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत तिने स्टुडिओ सोडला. सरांनी सांगितलं, तू फक्त बसून नव्या मुलांना शिकव. ती म्हणाली, करून दाखवता येत न्हाय ते शिकवायला माझं त्वांड तेवढं चांगलं न्हाय. शेवटच्या दिवशी तिने तिचं सामान पिशवीत भरलं. मी जिन्याच्या तोंडापर्यंत गेले. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि खाली उतरली. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या कापड दुकानाच्या मालकांनी मागे बांधलेले हात सोडवले आणि तिला जोडले.

पुस्तक आलं. जसं तिने दिलं होतं तसं, शेवटच्या पानांसकट, एकट्या तिच्या नावाने. बाईंनी तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही. स्टुडिओत सगळ्यांनी ते एकमेकांच्या हातून घेऊन पाहिलं. शेवटच्या पानांपाशी प्रत्येकजण थोडा थांबायचा, आणि मग आधीपेक्षा हळू पान उलटायचा.

मी अजून तिथेच आहे. गोल गाल काढते. घरी स्वतःचं काढते तेव्हा हात पाठीमागे लपवत नाही. ते बरे येत नाहीत, बोटं मुळ्यांसारखी दिसतात, पण चित्रातली मुलगी त्यांचं काहीतरी करत असते. ही माझी रेघ आहे का ते मला सांगता येत नाही. विचारायला माझ्या खुर्चीमागे कोणी नसतं.

परवा मी मोरगावला फोन केला. आईंनी उचलला. ताई शेळ्या घेऊन माळावर गेली होती. मी विचारलं, पुस्तक पाहिलं का तिने. आई म्हणाल्या, पाहिलं, आणि फळीवर उघडं करून ठेवलंय, शेवटलं पान दिसंल असं, मिटू देत न्हाय. मग ज्यासाठी फोन केला होता ते विचारलं.

"हात कसा आहे, मावशी?"

"हात हलतोय," आई म्हणाल्या. "पर शेळ्यांना त्याचं काय न्हाय."